देवकाची नवमी

"साक्षीदार आणा म्हणते जानराव," बाबा ओट्यावर बसकण मारत म्हणाले. "आता मी कुठून आणू साक्षीदार? त्या टायमाचं जितं कोण हाये?"

मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. समोर आजी सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात मध्येच थांबले, ते मी पाहिलं. पण म्हातारं माणूस, थकली असेल, असं समजून सोडून दिलं.

"कशाचा साक्षीदार?" मी विचारलं.

"माही माय जिनात मेली याचा."

हे बोलणं झालं त्याला आता वीसेक वर्षं झाली. आमचं गाव वऱ्हाडातलं, कापसाचं. गावाच्या पूर्वेला जीन होता, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. मशिनी केव्हाच्या बंद पडल्या होत्या, आणि त्या पितृपक्षात जागाही विकली गेली. तेव्हा जुन्या कामगारांनी मालकाच्या मागे लागून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. फाटकाजवळ काळा दगड उभा करायचा आणि जिनात कामावर मेलेल्यांची नावं त्यावर कोरायची. जानराव त्या कामगारांचा पुढारी. खोटंनाटं नाव घुसू नये म्हणून त्यानं साक्षीदाराची अट घातली होती. त्याचंही बरोबर होतं.

माझ्या बाबांची आई, देवका, जिनात गेली. घरात एवढंच सांगत. बाबा तेव्हा पाळण्यात होते. आजोबांनी वर्ष फिरायच्या आत दुसरी बायको केली. तीच ही आमची आजी, कौसल्या. तिनंच बाबांना वाढवलं. बाबा तिला माय म्हणायचे, आणि आमच्या घरात 'सावत्र' हा शब्द कोणी उच्चारला तर त्याची खैर नसे.

पण गळ्यातला टाक काही लपत नव्हता. पहिली बायको मेलेल्या माणसाशी लग्न केलं, की नवी बायको त्या मेलेलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. सवतीला मान दिला म्हणजे ती त्रास देत नाही, असा समज. आजीचा टाक घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता, की त्यावर नाक-डोळे काही उरले नव्हते. आणि दर पितृपक्षात अहेव नवमी व्हायची. नवरा जिवंत असताना मेलेल्या बाईची ती तिथी. तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची, तिला हिरव्या बांगड्या भरायच्या, ओटी भरायची. बाबांनी आयुष्यात एक नवमी चुकवली नव्हती.

"कायले मेलेल्यायले उठवता रे?" आजी म्हणाली. "नवमी करतो ना आपण दरसाली? अजून काय पाहिजे तिले?"

"तिले नाही, मले पाहिजे," बाबा म्हणाले. मोतीबिंदूनं त्यांचे डोळे दुधाळ झाले होते. "माय, तिचा फोटो नाही. तिचं माहेर मले माहीत नाही. ती गोरी होती का सावळी, सांगणारं कोणी नाही. एक नाव तेवढं हाये. दगडावर खोदलं तं बोटानं तरी चाचपून पाहीन."

सत्तरीला टेकलेला माणूस, बाजारात पोती वाहून पाठ गेलेली, आणि आईच्या नावासाठी लहान पोरासारखा ओठ काढून बसला होता. माझा जीव तुटला.

"मी शोधते साक्षीदार," मी म्हटलं. "रजा आहे तोवर गाव पालथं घालते."

मी नर्स. खेड्यापाड्यात सायकल हाणून नोकरी केलेली बाई. मनात आलं की करून मोकळी होते, आणि तोंडात आलं की बोलून.

"बेबे," आजी सूप घेऊन उठत म्हणाली, "झाकली मूठ राहू दे."

"कोणाची मूठ, आजी?"

ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी माळीपुऱ्यात चंद्राबाईकडे गेले. लहानपणी ती जिनात रुई वाहायला होती, असं जानरावनंच सांगितलं. ऐंशीची म्हातारी, बाहेर खाटेवर बसून तळहातावर तंबाखू मळत होती.

"कोणाची वं तू?"

"शामरावची. जिनामागच्या चाळीतल्या."

"शामरावची? म्हणजे देवकाची नात?"

तिनं तंबाखू खाली ठेवली. माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले. मला वाटलं, म्हातारी हात पाहून भविष्य सांगते की काय!

"चंद्राआजी, देवका जिनात मेली ना? तुम्ही पाहिलं होतं?"

"कोणत्या खेपेचं इचारतं? ती दोन डाव मेली."

मी हसले. म्हातारीला भ्रम झाला असं वाटलं. ती हसली नाही.

"जिनात तिचा हात गेला, बाई. डावा, कोपरापासून. मशिनीच्या रुळात बांगडी अटकली न् रुळानं हात ओढून घेतला. लोकायनं तिले बैलगाडीत टाकलं, टेसनावर नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. न् मुकादमानं तो हात फडक्यात गुंडाळून सरजाबाईच्या दारात नेऊन देला."

सरजाबाई म्हणजे देवकाची सासू, माझी पणजी.

"हिरव्या बांगड्या तशाच होत्या त्या हातात. काही फुटेल, काही धड. तिकडून निरोप आला, डॉक्टर म्हणते रात काढत नाही. सरजाबाई म्हणे, मरन तं सुटन. वाचून तरी काय करीन थोटी? भाकर थापन का पोरगं उचलन? न् एका हाताले चुडा नाही ते सवाष्ण कायची? माह्या पोराले दुसरी करावी लागन. पण जित्या सवतीवर कोणता बाप पोरगी देते, सांग बरं?"

"कोणी नाही."

"मंग! म्हणून तिनं वाटच नाही पायली. दुसऱ्या दिवशी तिरडी काढली."

"कशाची तिरडी? बाई तर दवाखान्यात होती ना?"

"हाताची," चंद्राबाई म्हणाली.

बाळंतपणात गेलेल्या बाया मी माझ्या हातांनी झाकल्या आहेत. जळालेल्या पाहिल्या, विहिरीतून काढलेल्या पाहिल्या. पण तो एक शब्द ऐकून मी माझे हात तिच्या हातांतून काढून घेतले.

"रुईचं बोचकं बांधलं बाईएवढं. त्याले हिरवं लुगडं नेसवलं. तोंड झाकलं, म्हणे मशिनीत तोंड उरलंच नाही. न् बाजूले तो हात ठेवला, चुडा दिसन असा. लोकायनं हात पायला, चुडा पायला, अजून काय पाहिजे? आम्ही पोरी धाय मोकलून रडलो. मी तं त्या हाताले हळद लावली माह्या हातानं. खांदेकऱ्यायले वजनच लागे ना. एक जण म्हणे, बिचारी लय वाळली होती. न् जळाली कशी माय वं! रुईच ते. भडकन पेटलं न् झालं."

"आणि दवाखान्यात?"

"तिथी ती जगली ना! चिवट होती. उन्हाळ्यात चालत चालत आली. तोवर दहावं झालं होतं, तेरवी झाली होती, नवी नवरी घरात आली होती. सरजाबाईनं दारात तिले पायलं न् बोंबलली, हडळ आली, हडळ आली! मीठ-मिरच्या फेकल्या, खेटरं फेकली. साऱ्या चाळीनं कड्या लावल्या. लोकायलेबी खरंच वाटलं, का आपण जाळून आलो ते बाई उभी कशी! कौसल्या उभी होती मागं, कडेवर तुहा बाप. देवकानं एक हात पुढं केला. पोरगं त्या थोट्या हाताले पाहून असं किंचाळलं, न् कौसल्याच्या गळ्याले बिलगलं. टाक धरून बसलं मुठीत."

"आणि आजोबा? तिचा नवरा?"

"तो बॉयलरवर होता. जिनातल्या बायायनं मालकाले सांगून तिले सरकीच्या गोदामात झाडायले ठेवलं. तिथीच राहे, तिथीच झोपे. तो रोज तिच्यासमोरून कामावर जाये. मान खाली घालून. एक शब्द नाही बोलला बापा, मरेपर्यंत!"

"माहेर नव्हतं का तिला?"

"भावानं मुंडण केलं होतं तिच्या नावानं. तो म्हणे, आता कशी घेऊ? मेलेलं माणूस घरात घेतलं तं घर बसते."

चंद्राबाईनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मला वाटलं, संपलं. पण ती पुढं बोलली.

"कौसल्यानं एक केलं. पयल्या नवमीले तिले मागच्या दारी बोलावलं. म्हणे, तुह्याच नावाचं जेवण हाये, तूच खाऊन जा. पण पोराले सांगायचं नाही. भेली होती ते. जित्या बाईचा टाक गळ्यात घातला तं आयुष्य खाते म्हणतात. मंग दरसाली देवका जाये. नवमीच्या दिवशी न्हाये, कुंकू लावे, न् माह्यापाशी येऊन हात पुढं करे. एका हातानं बांगड्या भरता येतात का, सांग! मीच भरून देओ. म्हणे, चंद्रे, आटप लवकर, माह्या श्राद्धाले उशीर होते."

ती हसली आणि लगेच पदरानं डोळे पुसले.

"तुहा बाप वाढे तिले. वाटी वाटी खीर. तेवढ्यासाठी जाये ती. मंग एका साली गेली तशी परत आली. उपाशी. मी म्हटलं, काय झालं वं? म्हणे, पोरगं मोठं झालं. न् हसत होती. मंग कधीच गेली नाही. त्याच हिवाळ्यात गोदामात मेली. आम्ही बायायनं पोचवली. दहाव्याले भट येईना. म्हणे, एका बाईचं दहावं दोन डाव होत नाही."

परतताना मी पाय आपटत आले. रस्त्यात ओळखीचे लोक 'काय बेबीताई' म्हणत होते, मी कोणाकडे पाहिलं नाही. आजी मागच्या दारात नवमीची भांडी घासत होती. तेच दार, त्याच्याबाहेर तीच पायरी.

"आजी, देवका जिवंत होती."

तिनं मान वर केली नाही. "चंद्री मेली नाही का अजून?"

एवढंच म्हणाली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुला लाज नाही वाटली? जिवंत बाईला तिच्याच श्राद्धाचं जेवण मागच्या दारी घालताना?"

"पुढच्या दारी घालू देत होती का सासू?" आजी राखेचा हात तसाच वर धरून म्हणाली. "मले सांगतलं, पयली मेली. माह्या बापाले सांगतलं, मेली. चौदा वर्षांची होती मी. तो टाक गळ्यात घातला, मी त्याले रोज हळदकुंकू लावो. न् एक दिवस ते बाई दारात उभी! सांग, काय करू मी? तिले आत घेऊ, तं मी कुठी जाऊ? एक चूल होती, एक नवरा होता, तोबी कसला! मी दार लावलं. तू असती तं काय केलं असतं?"

"मी उद्या बाबांना सगळं सांगणार."

आता मात्र तिनं माझ्याकडे पाहिलं. "नको सांगू, बेबे."

"तुझी अब्रू जाईल म्हणून?"

"माही अब्रू! माह्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता कायची अब्रू? त्याच्यासाठी सांगतो. त्याले नको सांगू. पाय धरू का तुहे?"

तिनं खरंच वाकून राखेचा हात माझ्या पायाकडे नेला. मी पाय मागे घेतला. मला ते नाटक वाटलं. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून मी आत निघून गेले.

नवमीचा दिवस उजाडला. बाबांनी आंघोळ करून स्वच्छ धोतर नेसलं. शेजारची विमल सवाष्ण म्हणून आली. बाबांनी चाचपडत तिचे पाय धुतले, मी तिला बांगड्या भरल्या. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी. बाबा स्वतः वाढत होते. हातानं ताटाची कड शोधून मग वाढायचे. विमल जेवून, ओटी घेऊन गेली. मग बाबांनी मागच्या भिंतीवर घास ठेवला. हात मागे घेतात न घेतात तोच कावळा उतरला.

"पायलं?" बाबा मोठ्या अभिमानानं म्हणाले. "पंखाचा आवाज ऐकला मी. माह्या मायच्या नवमीले कावळ्याची वाट पाहा लागत नाही. तिची काही इच्छाच बाकी नाही."

आजीनं माझा हात दाबला. मी सोडवून घेतला.

"बाबा, साक्षीदार मिळाली," मी म्हटलं. "पण दगडावर नाव नाही लागणार. तुमची आई जिनात नाही मेली. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली."

बाबांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मी सगळं सांगितलं. रुईचं बोचकं, हिरवं लुगडं, दारात फेकलेली खेटरं, सरकीचं गोदाम. आजीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. बाबांच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग हळूहळू तोंड उघडं पडलं, आणि खरं सांगते, आधी आनंदच होता तो.

"म्हणजे मी पायलं असन तिले?" ते म्हणाले. "याच गावात होती, म्हणजे कधी ना कधी मी पायलंच असन! नाही का वं? कशी होती म्हणे?"

"तुम्ही वाढलंय तिला, बाबा. दर नवमीला इथंच जेवायला यायची. मागच्या दारी."

"मागच्या दारी?"

"एका हाताची होती ती."

हातातली पळी बाबांनी खाली ठेवली, ती कलंडली.

"कोणता हात गेला होता तिचा?"

"डावा."

"कोपरापासून?"

"हो."

"उजव्या हातात हिरव्या बांगड्या. भरगच्च," बाबा म्हणाले.

आजीनं तोंडात पदर कोंबला. मला अजूनही उमगलं नव्हतं. मी आपली वाट पाहत होते, की बाबा आता आजीवर ओरडतील.

"मी हाकललं तिले, बेबे," बाबा म्हणाले.

"कधी?"

"तुह्या मायशी लग्न जुळलं होतं, ते साल. बाजारात नवी नवी नोकरी लागली होती. म्हटलं, आवंदा मायची नवमी अशी करीन का गाव पाहत राहीन. चांगली धडधाकट सवाष्ण बोलावली. तिले वाढून मी मागं आलो, तं पायरीवर हे थोटी बसेल होती. मायनं पान देऊन ठेवलं होतं तिले. माह्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ऊठ. माह्या मायच्या नावाचं जेवण हाये. तुह्यासारखी थोटी जेवली तं माह्या मायले पोचणार नाही."

भिंतीवरचा कावळा उडून गेला होता.

"ती काय म्हणाली?"

"म्हणे, पोचते बापू. म्या म्हटलं, तुले काय माहीत? पान ओढलं तिच्यासमोरून. तिच्या हातात घास होता, तो तिनं पानात परत ठेवला. मले म्हणे, लय जीव हाये का मायवर? म्या म्हटलं, हाये. मंग उठली. हात टेकवून उठली, एकच होता ना. न् गेली."

बाबा रडले असते तर बरं झालं असतं. ते रडले नाहीत. तळहात पाहत बसले. त्यांना दिसत तर काही नव्हतं.

मी कलंडलेली पळी उचलून भांड्यात ठेवली. आणि आजी, जिला मी कालपासून हडळीपेक्षा वाईट ठरवलं होतं, ती भिंतीला धरून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "त्या दिवशी ते मले जिनाच्या फाटकापाशी भेटली. म्हणे, कौसल्ये, माहा नवरा घेतला, घर घेतलं, पोरगं घेतलं, मी काही मागतलं नाही. आता एक मागतो. आज काय झालं ते त्याले कधी कळू देऊ नको. मायसाठी भांडला तो माह्याशी. त्याले कळलं तं जगणार नाही. मी शब्द देला. इतकी वर्षं पोटात ठेवलं, बेबे. सावत्र होतो, तरी ठेवलं. तुले एक दिवस नाही ठेवता आलं, सख्खीले."

तिनं मानेमागे हात नेऊन टाकाचा दोरा सोडायला घेतला. गाठ जुनी, सुटेना. शेवटी दातानं तोडला. टाक बाबांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची मूठ तिनंच मिटवली.

"माय," बाबा म्हणाले. कोणाला म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी कोणी जेवलं नाही. खीर मी म्हशीपुढे ओतली.

सर्वपित्री अमावस्या झाल्यावर दगड उभा राहिला. बाबा म्हणाले, मले घेऊन चल. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, चल म्हटलं ना. रिक्षातून नेलं. फाटकाजवळ मंडप, हार, चहा. लोक आपापल्या माणसाच्या नावाला कुंकू लावत होते. बाबा दगडापाशी गेले आणि वरपासून एकेक नाव बोटानं चाचपत खाली आले. शेवटच्या नावाखाली दगड सपाट होता. तिथं त्यांनी तळहात ठेवला.

जानराव धावत आला. "शामराव, अहो, तुमच्या मायसाठी जागा ठेवली हाये अजून. कारागीर इथंच हाये. साक्षीदार नाही भेटला का?"

"भेटला," बाबा म्हणाले.

"मंग सांगा ना! कोण?"

"मीच."

"तुम्ही? तुम्ही तं पाळण्यात होते ना तेव्हा?"

"जिनानं नाही मारलं तिले, भाऊ," बाबा म्हणाले. आणि माझा हात शोधत म्हणाले, "चल बेबे, घरी चल."

जानराव माझ्याकडे पाहत राहिला. मी बाबांना धरून रिक्षात बसवलं. त्यांच्या डाव्या मुठीत टाक होता. घरी आल्यावर मी मूठ उघडायला गेले, तर त्यांनी ती उघडू दिली नाही.